बचाव जागा सोडत नाही

बाई : आणि हा तुमचा चार नंबर. नव्वद मिनिटांत शून्य मीटर.

कुलूपवाले : बचावातला आहे तो.

बाई : शून्य म्हणजे शून्य, कुलूपवाले. एक पाऊलसुद्धा नाही.

कुलूपवाले : आमचा बचाव जागा सोडत नाही, बाई. पहिल्यापासून तशी ख्याती आहे.

बाई : पाच नंबर. तोही शून्य.

कुलूपवाले : तो चाराच्या शेजारी असतो. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही. मग एक हलला नाही तर दुसरा कशाला हलेल?

बाई : सहा आणि आठ. मधल्या फळीतले. शून्य, शून्य.

कुलूपवाले : मधली फळी जरा सुस्तावलीय खरी. बोलतो मी त्यांच्याशी. कप्तान म्हणून ते माझं कामच आहे.

बाई : त्यांच्या हृदयाचे ठोकेही शून्य आहेत.

कुलूपवाले : थंड डोक्याचे आहेत सगळे.

बाई : मी हृदय म्हणाले.

कुलूपवाले : तेही तसं थंडच.

बाई : हे बघा. मागच्या शुक्रवारी मी तुम्हाला अकरा बंड्या दिल्या. प्रत्येक बंडीच्या पाठीत एक डबी. माणूस किती धावला, किती उंच उडाला, हृदय कितीदा धडधडलं, सगळं ती डबी टिपून ठेवते. व्यावसायिक क्लबच्या अकरा खेळाडूंनी त्या सामन्याच्या दिवशी घातल्या. त्यांचे आकडे माझ्याकडे आलेत. आता हौशी संघाचे अकरा हवेत, म्हणजे पगार घेऊन खेळणारा जास्त तंदुरुस्त की हौसेनं खेळणारा, हे कळेल. दोन वर्षांचं काम आहे माझं. आणि तुम्ही मला दहा दगड आणून दिलेत.

कुलूपवाले : दगड कसे? सात नंबर बघा ना. तो हललाय. मला माहीत आहे.

बाई : हललाय. त्रेपन्नाव्या मिनिटाला अकरा मीटर. सरळ रेषेत पूर्वेकडे. मग पुन्हा शून्य.

कुलूपवाले : वारा सुटला होता तेव्हा.

बाई : काय सुटला होता?

कुलूपवाले : म्हणजे तो माणूसच तसा आहे, म्हणतो मी. वारा येईल तशी पाठ देणारा. लग्नसुद्धा त्यानं तसंच केलं.

बाई : कुलूपवाले.

कुलूपवाले : हो बाई.

बाई : त्या बंड्यांच्या आत माणसं होती का?

कुलूपवाले : एकीच्या आत होता.

बाई : कोणत्या?

कुलूपवाले : दहा नंबरच्या. मीच.

बाई : आणि बाकीच्या?

कुलूपवाले : काठ्यांवर. पण ज्याच्या त्याच्या जागेवर हं. त्यात लबाडी नाही. चार नंबर उभा राहायचा तिथंच चार नंबरची काठी. एक नंबरची बंडी गोलच्या खांबाला अडकवली, कारण आमचा गोलकीपर तसाही खांबाला टेकूनच असायचा.

बाई : तुम्ही दहा काठ्यांना बंड्या घातल्यात.

कुलूपवाले : नऊ. एक खांब.

बाई : का पण? फसवायचंच होतं तर एखाद्या कुत्र्याच्या पाठीवर तरी बांधायच्या. निदान ठोके मिळाले असते.

कुलूपवाले : कुत्रं आमच्या मैदानावर येत नाही. एकटा माणूस चेंडूमागे धावताना बघून घाबरतं. आणि खरं सांगू का? आधी मी त्या कपडे बदलायच्या खोलीतच खुंट्यांवर अडकवून ठेवणार होतो. अकरा खुंट्या आहेत तिथं. ओळीनं दहा बंड्या लटकताना बघितल्या आणि मला काही ते बघवेना. म्हटलं, आलेच आहेत तर निदान उन्हात तरी उभे राहतील.

बाई : म्हणजे संघच नाही.

कुलूपवाले : संघ आहे. संघातले नाहीत.

बाई : कधीपासून?

कुलूपवाले : एकदम नाही गेले हो. कपड्यांना कसर लागते तसं झालं. आधी शिंपी गेला, गुडघा धरून. मग मास्तरांची बदली झाली. दोघं सख्खे भाऊ होते, चार आणि पाच नंबर. त्यांनी घराची वाटणी केली आणि ‘तो येणार असेल तर मी येणार नाही’ असं दोघांनीही मला खासगीत सांगितलं. मी दोघांना सांगितलं की तो येणार नाही. तरी कोणी आलं नाही.

बाई : भांडण झालं का तुमचं कोणाशी?

कुलूपवाले : भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. शेवटी आमचा गोलकीपर उरला होता. दात काढायचा दवाखाना आहे त्याचा. मी आणि तो, दोघंच दीड वर्ष खेळलो. मी मारायचो, तो अडवायचा. एका शनिवारी म्हणाला, ‘उद्या नाही रे जमत.’ म्हटलं, बरं. त्या रविवारनंतरचा रविवार आमच्यात कोणी ठरवलाच नाही. झाली चार वर्षं.

बाई : तुम्ही विचारायचं होतं.

कुलूपवाले : विचारतो की! फोनवर आमचा गट आहे. दर शनिवारी संध्याकाळी लिहितो, ‘उद्या सात वाजता.’ सगळे वाचतात. दहाच्या दहा. ते कळतं. त्यातला एक जण अंगठा दाखवतो.

बाई : म्हणजे तो येतो?

कुलूपवाले : नाही. अंगठा दाखवतो.

बाई : मग ही चाचणी तुम्ही दिलीत तरी कशाला? मी पाटीवर कागद लावला होता, ‘हौशी फुटबॉल संघ हवा आहे.’ संघ. तुम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात हजर.

कुलूपवाले : तुमच्या शिक्क्यासाठी.

बाई : कसला शिक्का?

कुलूपवाले : मैदानाच्या कार्यालयाचा कागद आलाय. रविवार सकाळ, सात ते नऊ, बावीस वर्षं आमच्या संघाच्या नावावर आहे. आता नवा कारकून आलाय. कामसू आहे बिचारा, त्याला काय करणार! म्हणतो, संघ नियमित खेळतो याचा दाखला आणा, जबाबदार संस्थेच्या शिक्क्याचा. महिनाअखेरपर्यंत. नाही आणला तर ती वेळ गाडी शिकवणाऱ्यांना देणार. त्यांना गाडी मागे घ्यायला शिकवायला मोकळी जागा हवी आहे.

बाई : आणि माझ्या विभागाचा शिक्का...

कुलूपवाले : गोल आहे. कडेनं अक्षरं. मधे दिवा. असा शिक्का बघितला की कारकून उभा राहतो. म्हटलं, यांना अकरा माणसं हवीत, मला एक शिक्का हवा. सौदा बरा आहे.

बाई : पण अकरा माणसं तुमच्याकडे नव्हती.

कुलूपवाले : ती एक बाजू जरा लंगडी होती.

बाई : मला सांगा, मी आता काय लिहू? ‘हौशी खेळाडूंची सरासरी धाव : एक किलोमीटर एकशे अठ्ठावीस मीटर. हृदयाचे सरासरी ठोके : तेरा.’ मोठे डॉक्टर मला विचारतील, खेळाडू तपासलेस की बेशुद्ध माणसं?

कुलूपवाले : माझे एकट्याचे आकडे वाईट आहेत का?

बाई : वाईट असते तर बरं झालं असतं. तुमचे आकडे बघून मी काल डबी दोनदा तपासली. बारा किलोमीटर चारशे मीटर. नव्वद मिनिटांत. क्लबची सरासरी दहा किलोमीटर आहे. तुमचं वय किती म्हणालात?

कुलूपवाले : चोपन्न. फॉर्मवर सत्तावन्न लिहिलंय, पण ते जन्मदाखल्याप्रमाणे.

बाई : त्यांच्यात सगळ्यात मोठा चौतीसचा आहे. त्यांना आहारतज्ज्ञ आहे, मालीशवाला आहे, झोप मोजणारा माणूस आहे. तुम्हाला कोण आहे?

कुलूपवाले : शेजाऱ्याचं मांजर येतं कधी कधी. त्याच्या सवडीनं.

बाई : धावून थांबल्यावर एका मिनिटात तुमचे ठोके एक्केचाळीसनं खाली येतात. त्यांचे चव्वेचाळीसनं. म्हणजे दमात तुम्ही जवळजवळ त्यांच्या पंक्तीला बसता. हे कसं?

कुलूपवाले : जाळी फाटलीय.

बाई : काय?

कुलूपवाले : गोलची जाळी. अर्ज करून तीन वर्षं झाली. चेंडू मारला की गोलातून आरपार जातो आणि मागं साठ मीटरवर कुंपण आहे तिथं जाऊन थांबतो. आणायला जायचं कोणी? ज्यानं मारला त्यानं. तुमच्या क्लबात चेंडू आणून द्यायला मुलं ठेवलेली असतात. मी गोल केला की मला शिक्षा. चुकला तर खांबावर आपटून थोडा तरी परत येतो.

बाई : म्हणून तुमचा नकाशा असा आहे. बघा. क्लबच्या खेळाडूंच्या रेषा अशा गुंता झालेल्या असतात, लोकरीच्या गुंड्यासारख्या. तुमच्या फक्त सरळ. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी तीन दिवस विचार करत होते, हा माणूस कोणालाच चुकवत कसा नाही?

कुलूपवाले : चुकवायला कोणी समोर यावं लागतं.

बाई : मध्येच सगळ्या रेषा उलट्या झाल्यात.

कुलूपवाले : मध्यंतर. मध्यंतरानंतर मी बाजू बदलतो. उन्हाचा त्रास दोन्ही बाजूंना सारखा व्हायला हवा.

बाई : आणि सामना हरतं कोण?

कुलूपवाले : आम्हीच. जिंकतोही आम्हीच. त्यामुळे वातावरण खेळीमेळीचं राहतं.

बाई : बाकीच्या चाचण्यांत मात्र तुम्ही पार झोपलात. उडी तेवीस सेंटिमीटर. त्यांची पन्नासच्या खाली एकाचीही नाही. आणि ती शेवटची, मागून हाक मारायची. मी ‘डावीकडे’ किंवा ‘उजवीकडे’ ओरडायचं, तुम्ही वळायचं. त्यांना अर्धा सेकंद लागतो. तुम्हाला दोन.

कुलूपवाले : मला ऐकू येत होतं हो.

बाई : कान तपासलेत मी. कान ठणठणीत आहेत.

कुलूपवाले : पायांना पटत नव्हतं. मागून हाक आली की ती आपल्यालाच आहे, हे पटायला जरा वेळ लागतो.

बाई : ...पाणी देऊ का?

कुलूपवाले : नको. तुम्हीच प्या. मघापासून बोलताय.

बाई : तो कागद दाखवा कार्यालयाचा. आणलाय?

कुलूपवाले : खिशातच असतो. हा घ्या. जरा तेल लागलंय. कुलपाचं आहे.

बाई : ‘नियमित खेळणाऱ्या समूहाचा दाखला...’ यात अकरा कुठं लिहिलंय?

कुलूपवाले : लिहायला कशाला हवं? फुटबॉल अकरांचा असतो. कारकुनानं विचारलं, ‘संघ पुरा आहे ना?’ मी म्हटलं, ‘पुरा.’

बाई : मागची बाजू वाचलीत?

कुलूपवाले : कुलपाला मागची बाजू नसते बाई. मला ती सवयच नाही.

बाई : नियम सहा. ‘समूह म्हणजे नियमितपणे हजर राहणाऱ्या किमान दोन व्यक्ती.’

कुलूपवाले : किती?

बाई : दोन. अकरा नाही. तुम्ही उगाच नऊ काठ्या आणि एक खांब वेठीला धरलात. तुम्ही एक आहातच. आणखी एक माणूस आणा. पुढच्या रविवारी त्याला बंडी घाला. डबीत ठोके दिसले की मी खरा दाखला देते. ‘दोन व्यक्ती नियमित खेळतात.’ शिक्क्यासकट. झालं? तोंड का उतरलं? दहा माणसं शोधण्यापेक्षा एक शोधणं सोपं नाही का?

कुलूपवाले : नाही.

बाई : का?

कुलूपवाले : दहा नाही मिळाले तर लोक म्हणतात, चालायचंच, दहा जण कुठून जमणार, ज्याला त्याला आपापले व्याप. आणि एकसुद्धा नाही मिळाला तर काय म्हणायचं, सांगा?

राखीव : येऊ का, मॅडम? माझी उडीची चाचणी होती. साडेअकराची.

बाई : या. दार ओढून घ्या, आत धूळ येते. हे आपल्या व्यावसायिक गटातले. क्लबचे दुसरे गोलकीपर. आणि हे हौशी गटातले. हौशी गटच.

राखीव : नमस्कार, काका.

कुलूपवाले : दुसरे म्हणजे?

राखीव : पहिल्याला काही झालं तर मी.

कुलूपवाले : आणि होतं का पहिल्याला?

राखीव : नाही. तब्येत फार चांगली आहे त्याची.

बाई : बूट काढा आणि त्या पट्टीखाली उभे राहा. हात वर. ...हं. उडी मारा. ...पुन्हा. ...एकसष्ट.

कुलूपवाले : एकसष्ट! बाई, हा माणूस आहे की खारूताई?

बाई : दोन्ही गटांत सगळ्यात उंच. दर वेळी एकसष्टच. साठही नाही, बासष्टही नाही.

कुलूपवाले : मग सामन्यात तर बघायलाच नको. किती धावले हे?

बाई : ते... जाऊ द्या.

राखीव : सांगा मॅडम. लपवायचं काय त्यात?

बाई : चारशे दहा मीटर.

कुलूपवाले : दीड तासात?

राखीव : बाकड्यापासून नळापर्यंत आणि परत. पाच वेळा गेलो. तहान नव्हती.

कुलूपवाले : म्हणजे आमच्या सात नंबरच्या काठीपेक्षा तुम्ही पुढं आहात. पण फार नाही.

राखीव : काठी?

बाई : ती वेगळी गोष्ट आहे. मला तुम्हाला एक विचारायचंच होतं. एकाहत्तराव्या मिनिटाला तुमचे ठोके एकशे अठ्ठावन्न झालेत. बसल्या जागी. डबी बिघडली असं मी लिहून ठेवलंय.

राखीव : बिघडली नाही. एकाहत्तराव्या मिनिटाला तो पडला. पहिला गोलकीपर. खांद्यावर. उठेना.

बाई : बरं. काळजी वाटली.

राखीव : मी हातमोजे घातले. दोन वर्षं आणि चार महिने, मॅडम. एक मिनिटही मैदानावर नाही. रोज सगळ्यांच्या आधी जातो, सगळ्यांच्या नंतर निघतो. वजन करतो, मोजून जेवतो, नऊला झोपतो. मुठी आवळून बसलो होतो. डॉक्टर धावत गेले. मग तो उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हातमोजे घालून टाळ्या वाजवल्या की आवाज येत नाही.

कुलूपवाले : वाईट वाटलं असेल. तो पडला तेव्हा.

राखीव : तो पडला तेव्हा वाटलं, काका. पण उठला तेव्हा जास्त वाटलं. आता हे लिहू नका मॅडम.

बाई : असलं लिहायला माझ्या तक्त्यात रकाना नाही.

कुलूपवाले : माझ्या धंद्यात असंच असतं. माणूस घराबाहेर अडकला की मला बोलावतात. एरवी माझं नाव कोणाला आठवणार? मी जातो. दाराशी बसतो, अर्धा तास त्या माणसाशी इतक्या गप्पा होतात म्हणून सांगू! पोराबाळांपासून रक्तदाबापर्यंत. मग मी दार उघडून देतो. ते आत जातात आणि दार लावून घेतात.

राखीव : लावणारच ना, काका.

कुलूपवाले : लावलंच पाहिजे. मी स्वतः सांगतो, नीट लावून घ्या.

बाई : माझ्याकडेही तेच. तळघरातली ही खोली. माणसं येतात, माझ्यासमोर धावतात, घाम पुसतात, आपला आकडा विचारतात. माझा आकडा काय, असं अजून कोणी विचारलं नाही.

कुलूपवाले : काय आहे?

बाई : उडी एकोणीस. सांगू नका कोणाला.

राखीव : काका, तुम्ही कुठं खेळता?

कुलूपवाले : पाण्याच्या टाकीमागचं मैदान. रविवारी सात ते नऊ. म्हणजे महिनाअखेरपर्यंत तरी.

राखीव : गोलात कोण असतं?

कुलूपवाले : खांब.

राखीव : दोन खांब तर असतातच. मध्ये कोण?

कुलूपवाले : मध्ये हवा. आणि जाळीला भोक.

राखीव : माझा करार आहे, काका. कलम चौदा. करार संपेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही मैदानावर, कुठल्याही संघाकडून, सरावालासुद्धा उभं राहायचं नाही. बोट दुखावलं तरी घरी बसवतील.

कुलूपवाले : मी विचारलं कुठं तुम्हाला?

राखीव : नाही. पण विचाराल म्हणून.

कुलूपवाले : मी आता कोणाला विचारत नाही. नुसतं ‘उद्या सात वाजता’ एवढं लिहितो. ते काही विचारणं नव्हे. ती माहिती झाली.

बाई : झाली तुमची चाचणी. बूट घाला. आणि पुढच्या सोमवारी शेवटची.

राखीव : येतो. येतो हं, काका. ...ते टाकीमागचं मैदान म्हणजे पलीकडे गॅरेज आहे, तेच ना?

कुलूपवाले : तेच.

राखीव : नाही, सहज विचारलं.

बाई : गेला. तुम्ही विचारायला हवं होतं, कुलूपवाले.

कुलूपवाले : त्याच्या पोटावर पाय येईल असं कसं विचारू? तुम्ही चला ना मग.

बाई : मी? मी तपासणारी. मी स्वतःच खेळले तर दाखला कशाचा द्यायचा? आणि एकोणीस सेंटिमीटर उडी मारणारा गोलकीपर कारकुनालाही पटायचा नाही. बंड्या घेऊन जा. अकराच्या अकरा. एक तरी माणूस मिळतो का बघा.

कुलूपवाले : आणि नाही मिळाला तर?

बाई : तर काठ्यांना वारा तरी लागू द्या.

(पुढचा सोमवार. तीच तळघरातली खोली, तीच पट्टी. टेबलावर धुऊन घडी घातलेल्या दहा बंड्या. अकरावी बाजूला, प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून ठेवलेली.)

बाई : दात काढणाऱ्यांना फोन केलात का?

कुलूपवाले : केला होता. चांगले बोलले. म्हणाले, अक्कलदाढ आहे का तुझी? नसली तर उगाच येऊ नकोस. हसलो आम्ही दोघं. मग त्यांना पेशंट आला.

बाई : बरं. डब्या लावते. दोन नंबर, शून्य. तीन, शून्य. चार, पाच, शून्य.

कुलूपवाले : बचाव जागा सोडत नाही.

बाई : सहा, सात, आठ, नऊ. शून्य. अकरा, शून्य. दहा नंबर, म्हणजे तुम्ही. ...हे काय?

कुलूपवाले : काय झालं?

बाई : पाच किलोमीटर तीनशे. बाराचे पाच झाले. आजारी होता का?

कुलूपवाले : नाही.

बाई : दमसुद्धा लागलेला नाही. आणि रेषा बघा. मागं कुंपणापर्यंत तुम्ही फक्त आठ वेळा गेलात. बाकी सगळा वेळ गोलसमोर. मध्ये मध्ये तर नुसते उभे आहात. चार चार मिनिटं.

कुलूपवाले : ते जरा बोलण्यात गेलं.

बाई : कोणाशी?

कुलूपवाले : आपलं असंच. खांबाशी.

बाई : माझ्या तक्त्याचं वाटोळं केलंत. व्यावसायिकांशी बरोबरी करणारा माझ्याकडे एकच हौशी होता. आता तुम्ही चोपन्न वर्षांच्या कुठल्याही माणसासारखे दिसता.

कुलूपवाले : सत्तावन्न.

बाई : चेंडू मारलात, आणि मग तो आणायला धावलात का नाही?

कुलूपवाले : परत येत होता.

बाई : कोण?

कुलूपवाले : चेंडू.

बाई : आपोआप?

कुलूपवाले : मी फार खोलात गेलो नाही. बावीस वर्षांत मैदानानं पहिल्यांदा काहीतरी परत दिलं. घेतलं.

बाई : ही पिशवीतली एक नंबर ना? ही का नाही धुतली? घामाचा वास येतोय.

कुलूपवाले : हो. म्हटलं, एवढ्यात नको धुवायला.

बाई : लावते हिची डबी. ...कुलूपवाले.

कुलूपवाले : हो बाई.

बाई : खांबाला ठोके आहेत.

कुलूपवाले : असं म्हणता?

बाई : सात वाजून दोन मिनिटांपासून साडेआठपर्यंत. आधी एकशे साठ. मग हळूहळू एकशे वीस. अंतर दोन किलोमीटर, सगळं आडवं. डावीकडे, उजवीकडे. सत्तेचाळीस उड्या. सगळ्यात उंच उडी एकसष्ट सेंटिमीटर.

कुलूपवाले : वारा होता काल.

बाई : एकसष्ट सेंटिमीटरचा?

कुलूपवाले : जोराचा होता. हातमोजे घालून आला होता... म्हणजे गार होता, असं म्हणायचं होतं मला.

बाई : मला काही ऐकू आलं नाही. माझेही कान तपासायला हवेत एकदा. तो कागद द्या इकडे. ‘नियमित हजर व्यक्तींची संख्या.’ दोन. नाव विचारलेलं नाही यांनी, फक्त संख्या. बरं केलं. हा शिक्का. नीट वाळू द्या, बोट लावू नका.

कुलूपवाले : बाई.

बाई : आभार मानू नका. माझा अभ्यास तुम्ही बुडवलाच आहे.

कुलूपवाले : आभार नाही. आज मगाशी मी आत येत होतो, तेव्हा तुम्ही दारातून मागून हाक मारलीत ना, ‘डबी विसरलात’ म्हणून? मी वळलो. किती वेळ लागला? मोजलंत का?

बाई : नाही मोजलं. पण लगेच वळलात.

कुलूपवाले : मलाही तसंच वाटलं.

बाई : पण इथं ‘नियमित’ असं लिहिलंय, कुलूपवाले. एका रविवारावर मी शिक्का मारलाय. पुढच्या रविवारी वारा असेल का?

कुलूपवाले : सातला येतो म्हणालाय.